घोळ पीक की तण

चि. हरीओमला कामरगावहून उकंडमामाचा पोटभर आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? पुण्याचं पाणी तुला बाधतं, असं तुझी आई फोनवर म्हणाली. (उकळून पीत जा.) इकडे मी, तुझी मनकर्णामामी आणि दोन्ही बैल खुशाल आहोत. येत्या रविवारी तू तण ओळखून त्यावर तणनाशक फवारणारं कंपनीचं यंत्र आणतोस आणि पहिला फेरा आमच्याच चार एकर सोयाबीनमध्ये मारतोस, हे गावभर झालं आहे. सोयाबीन यंदा दृष्ट लागावी असं आलंय.

तू मोबाईलवर लावून दिलेलं काम जोरात आहे. रोपाचा फोटो येतो, खाली पीक किंवा तण दाबायचं, आणि आमच्या उत्तरांवरून तुझं यंत्र शिकतं. (मामी बायकांना सांगते, "हे कंप्युटरले शिकवून राह्यले.") पण पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. घोळ, तांदूळजा, तरोटा यांचे फोटो आले आणि मी पीक दाबत गेलो. पावसाळाभर ताटात येणाऱ्या भाजीला तण म्हणायला माझी जीभ रेटेना. मामी म्हणाली, "घोळ वावरात हाये तवर तन, तव्यावर आली का भाजी." (तिला तंत्रज्ञानातलं काय कळतं, म्हणून मी सोडून दिलं.) तुमच्यात एक फोटो पाच जणांना दाखवतात आणि जास्त लोक म्हणतील ते खरं धरतात, वेगळं म्हणणाऱ्याचे गुण कापतात. बाकीचे चौघे कुठले कोण जाणे, सगळ्यांनी तण म्हटलं. माझे गुण एक्याऐंशीवर आले. ऐंशीखाली खातं बंद! मग गावात कुठल्या तोंडानं फिरायचं?

तेव्हा मी बहुमतच गावात आणलं. जानराव, भाऊसिंग धरून चाळीस जणांची खाती उघडली. रोज सकाळी एसटी थांब्याजवळच्या हॉटेलात आम्ही बसतो. पहिल्या दिवशी जानरावच अडून बसला. "पयले वावर कोनाचं ते सांगा," म्हणे. "माह्या वावरातलं पीक, भाऊसिंगच्या वावरातलं तन." त्यावरून दोन कप फुटले. शेवटी माझ्या वयाची भीड पडली आणि मी म्हणेन तेच सगळे दाबू लागले. आमची उत्तरं झटपट जातात म्हणून कंपनी हल्ली बहुतेक फोटो आमच्याकडेच धाडते. आता माझे गुण शंभर आहेत. प्रमाणपत्रही आलं, ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय.

तुझा,
उकंडमामा

ता. क. रविवारी तू अवश्य ये, पण यंत्र आमच्या वावरात घालू नकोस. गेल्या मंगळवारी माझा चष्मा घरी राहिला होता. दिवसभर मी सोयाबीनला तण म्हणत होतो आणि चाळीसही जणांनी तेच दाबलं. भाऊसिंगला नंतर विचारलं, तर म्हणाला, "मले दिसत होतं ना भाऊ. पन मोठ्या मानसाले खोटं कसं पाडाव?"

आणखी एक. मामीचंही खातं होतं. ती घरी बसून एकटीच दाबायची. जन्मभर निंदण-खुरपण केलेली बाई, तिचं एकूण एक उत्तर बरोबर होतं. मंगळवारी तिचे गुण ऐंशीखाली गेले आणि खातं बंद झालं. रात्री तिनं मला घोळीचीच भाजी वाढली, म्हणून जास्तच लाज वाटते. यंत्राला तिची उत्तरं शिकव आणि तिचं खातं उघडून दे. त्यापायी माझं बंद करावं लागलं तरी चालेल, फक्त प्रमाणपत्र परत मागू नकोस.