चौदा नंबरचा बिल्ला

३ फेब्रुवारी, रविवार

पोहोचलो. सदेह! बोटीतून उतरताच अस्मादिकांनी धक्क्यावरच्या खांबाला कडकडून मिठी मारली. ते दृश्य पाहून सहधर्मचारिणी म्हणाली, लग्नातसुद्धा इतक्या आवेगाने माझा हात धरला नव्हता तुम्ही. जठरातील ऐवज ऊर्ध्वगामी झाला होता.

ही सहल म्हणजे आमच्या कन्यारत्नाचे कर्तृत्व. आईच्या पन्नाशीनिमित्त तिने आठ दिवसांचे बेट भेट दिले, आणि सोबत स्वहस्ते लिहिलेली यादी — दीपगृह, काचेच्या तळाची होडी, कासवांचा किनारा, प्रवाळदर्शन, खारफुटीतून नौकानयन. पाच कलमे, पैकी तीन जलमय. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूमीला बेट म्हणतात, हे शाळेत घोकले होते. त्या व्याख्येचा अर्थ आज पोटात शिरला. खिडकीतून समुद्र. न्हाणीघराच्या झरोक्यातूनही समुद्र!

कागदापुरते नमूद करतो — मी पाण्याला भितो. नवव्या वर्षी विहिरीत पडलो होतो. ज्या काकांनी बाहेर काढले ते आता नाहीत, त्यामुळे ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. पत्नीची समजूत अशी, की केस ओले झालेले मला खपत नाहीत. जे काही शिल्लक आहेत ते.

४ फेब्रुवारी, सोमवार

दीपगृह. एकशे बेचाळीस पायऱ्या. मोजल्या. एकोणतीस वर्षे कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेणारा टाइमकीपर दुसरे काय करणार? वरून बेट दिसते ते ताटलीतल्या वाटीएवढे. भोवती हिरवे पाणी, त्यापलीकडे प्रवाळाची फेसाळ किनार, आणि किनारीपलीकडे एकदम काळेनिळे. मी कठड्यापासून चार पावले अंतर राखून सृष्टिसौंदर्याचे रसग्रहण केले. तिने त्या काळ्या रेषेकडे बोट दाखवले. गुरुवारी तिथे जायचे आहे म्हणे.

दुपारी काचेच्या तळाची होडी. लोक वाकून मासे पाहत होते. मी छताचा सखोल अभ्यास केला.

खरा वज्राघात संध्याकाळी झाला. किनाऱ्यावर खुर्चीत पेपर वाचत होतो. मान वर केली तर सौभाग्यवती छातीभर पाण्यात! उठेपर्यंत आडवी झाली आणि सरळ पोहत गेली. नीट, संथ, एका लयीत. मी पेपर हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा.

बाहेर आल्यावर तिने सांगितले. गेले चौदा महिने शिवणवर्गाला म्हणून जात होती, ती तरणतलावावर. मला तरी संशय यायला हवा होता. चौदा महिन्यांत घरात उशीचा एक अभ्रा वाढला नव्हता!

सांगितले का नाहीस, असे विचारले. टॉवेलने केस पुसत ती म्हणाली, "तुम्ही विनोद केले असते."

खरे आहे. केलेच असते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

कासवे पाहिली. दीडशे वर्षे जगतात म्हणे. घाई करीत नाहीत, वल्गना करीत नाहीत आणि भीती वाटली की मान आत घेतात. माझ्याच जातीच्या प्राण्याची भेट झाली.

६ फेब्रुवारी, बुधवार

आज जवळच्या प्रवाळापर्यंत बोट. मीही गेलो. तिला एकटीला पाठवून किनाऱ्यावर बसणे अधिक कठीण होते. सर्व मंडळी अर्धनग्न, आणि मी पूर्ण बाह्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टात, मनगटाची गुंडीसुद्धा लावून. तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि ती एवढेच म्हणाली, की बुडालात तर निदान नीटनेटके बुडाल.

आणि तेथे काय पाहावे! शिडीशेजारी लाकडी फळा, त्यावर वीस खुंट्या आणि वीस पितळी बिल्ले! अनोळखी गर्दीत सख्खा भाऊ भेटावा तसे झाले. बोटवाला चाळिशीचा, उन्हाने खारकेसारखा वाळलेला, बोलका. त्याची पद्धत अशी — बोट निघताना प्रत्येकाने आपला बिल्ला खुंटीवरून काढून गळ्यात घालायचा आणि परत वर आला की टांगायचा. फळा भरला की इंजिन सुरू.

"माणसं हलतात साहेब, मोजताना चुकतात. खुंटी हलत नाही."

हेच वाक्य मी एकोणतीस वर्षे साहेबलोकांना सांगत आलो आहे. त्याला माझा व्यवसाय सांगितला. मित्राचा बिल्ला परस्पर टांगून त्याची खोटी हजेरी लावणारे एकेचाळीस महाभाग मी रंगेहाथ पकडले, हेही सांगितले. तो खूश झाला. म्हणाला, मग तुम्ही आमच्यातलेच, हजेरीसाहेब.

माझा बिल्ला तेरा नंबर, तिचा चौदा. पाण्यात न उतरण्यासाठी मी 'फळ्याचे निरीक्षण' असे पद निर्माण करून स्वतःची त्यावर नेमणूक केली. तरी बिल्ला गळ्यात होताच. ती लाल टोपी घालून शिडीवरून उतरली तेव्हा डोळे मिटून घेतले. ती परत येईपर्यंत ओठांत आकडे मोजत होतो. दोन हजार तीनशेपर्यंत गेलो.

उद्या बाहेरची किनार. काळे पाणी. नको म्हणावे असे दहादा मनात आले. पण चौदा महिने!

७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी एक

ती पाण्यात आहे. मी किनाऱ्यावर. दोन बोटी शोधायला गेल्या आहेत. मला घेतले नाही. बोटवाला म्हणाला, तुम्ही इथेच थांबा.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिले की श्वास घेता येतो.

बोट किनारीजवळ थांबली. तिने गळ्यातला बिल्ला काढून माझ्या हातात दिला. दोरी श्वासाच्या नळीत अडकते आणि मानेला काचते, तुमच्याकडे ठेवा, म्हणाली. नियमाविरुद्ध होते. मी हसून शर्टाच्या खिशात टाकला. मी! एकेचाळीस जणांना पकडणारा!

वारा वाढला. बोट हेलकावू लागली. मी मधल्या बाकावर, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे बंद. लोक एकेक करून वर येऊ लागले, बिल्ल्यांचा आवाज येत होता. एकदा डोळे उघडले तेव्हा एक ओली लाल टोपी पुढच्या भागाकडे जाताना दिसली. आली एकदाची. पुन्हा डोळे मिटले. लाल टोप्या बोटवाल्यानेच वाटल्या होत्या. पाच तरी असतील. हे आत्ता सुचते आहे.

बोटवाला इंजिनापाशी वाकून ओरडला, दोन खुंट्या रिकाम्या आहेत, कोण राहिले? मी खिशात हात घातला. उठलो, फळ्यापर्यंत गेलो, तेरा टांगला, चौदा टांगला. पाण्याकडे पाहिले नाही. फळा भरला. मनाला बरे वाटले! रिकामी खुंटी मला सोसवत नाही. इंजिन सुरू झाले.

दहा मिनिटांनी तिला काहीतरी सांगावेसे वाटले म्हणून पुढे गेलो. लाल टोपीखाली दुसरीच बाई.

बोट वळवली. दोन फेऱ्या मारल्या. लाटा, फक्त लाटा. इतरांना ओकाऱ्या होऊ लागल्या, म्हणून त्यांना उतरवायला किनाऱ्यावर आलो. बोटवाला पांढरा पडला होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ताईंचा बिल्ला टांगलेला होता हो. कुणी टांगला?"

मी काही बोललो नाही.

आज समास सुचत नाहीत.

त्याच दिवशी, साडेतीन

सापडली. जिवंत आहे. किनारीची खूण म्हणून तरंगत ठेवलेली पिवळी पिंपे आहेत, त्यांतल्या एकाची साखळी धरून होती. तासाहून जास्त वेळ. बोटवाल्यानेच काढली. हाताची कातडी सोलवटली आहे. डॉक्टरने तपासले, धोका नाही. ती झोपली आहे आणि मी दर मिनिटाला तिच्या नाकासमोर बोट धरतो आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

यादीतील सर्व कलमे रद्द. तिने दिवसभरात एकच प्रश्न विचारला, तुम्ही बोटीत कुठे बसला होतात. मधल्या बाकावर, असे सांगितले. ती "हं" म्हणाली.

९ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी हॉटेलचे व्यवस्थापक खोलीवर आले. टाय, फाइल, चेहऱ्यावर शोकसभा. त्यांचा निष्कर्ष तयारच होता. वाऱ्यामुळे घाई झाली, म्हणून बोटवाल्याने राहिलेला बिल्ला स्वतःच टांगला आणि बोट काढली. त्याला कामावरून थांबवले आहे. सोमवारी बंदरावरचे अधिकारी येऊन जबाब घेतील, मग त्याचा परवाना कायमचा जाईल.

मला विचारले, सर, आपण काही पाहिले का? माझे डोळे बंद होते, असे सांगितले. हे सत्य आहे. सत्याचा इतका हीन उपयोग मी आयुष्यात केला नव्हता.

मग तिच्याकडे वळून विचारले, मॅडम, आपला बिल्ला आपल्या गळ्यात होता ना?

ती खिडकीबाहेर पाहत होती.

"आठवत नाही."

आठवत नाही! तीस वर्षांपूर्वी बघायला गेलो तेव्हा मी किती बिस्किटे खाल्ली तो आकडा हिला आठवतो. पण तास-दीड तास त्या पाण्यात काढल्यावर माणसाचे काय काय वाहून जात असेल कोण जाणे. मला सुटल्यासारखे वाटले. मागोमाग मळमळले. त्या वेळी बोट हलत नव्हती.

दुपारी मुलीचा फोन. आई कशी आहे म्हणून रडत होती. मग म्हणाली, बाबा, बरं झालं तुम्ही बरोबर होतात.

१० फेब्रुवारी, रविवार

तिलाच खारफुटी पाहायची होती. मीही निघालो. उथळ पाणी, कमरेएवढे, दोन्हीकडे मुळांच्या कमानी, मुळांवर चढलेले एवढेएवढेसे खेकडे. तीच वल्हवत होती, सोलवटलेल्या हातांना फडके गुंडाळून. मी समोर बसलो. भीती वाटत होती, पण पाण्याची नव्हे. तिच्या तोंडातून पुढचा प्रश्न कोणता येईल याची.

आला. तुमचा तो पांढरा शर्ट धुवायला टाकलात का, असे विचारले. नाही, कपाटातच आहे, म्हटले. पुन्हा "हं".

मी पुष्कळ विनोद केले. खेकड्यांवर, माझ्या पोटावर, व्यवस्थापकाच्या टायवर. ती एकदाही हसली नाही. रागावलीही नाही. वल्हवत राहिली.

परतताना धक्क्यावर बोटवाला दिसला. बोट वाळूवर ओढून कलती केली होती आणि तो तळ खरवडत होता. बोट पाण्यात जाणार नाही हे ठाऊक असून! मला पाहून उठला. वाटले, आता विचारेल. तो म्हणाला, ताईंचे हात बरे आहेत ना, हजेरीसाहेब?

त्या संबोधनाने मी मेलो.

खोलीत येऊन हिशोब मांडला. खरे सांगितले तर अधिकारी काय करतील? फार तर ओरडतील. मुलगी बोलणार नाही काही दिवस. हे सोसेन. पण तिला कसे सांगू? जिला मी फळा भरावा म्हणून काळ्या पाण्यात सोडून आलो, तिला? ती निघून गेली तर? विहिरीत पडलो तेव्हा वर निदान गोल आकाश दिसत होते.

तरी सांगायचे. आधी अधिकाऱ्यांना, कारण तेथे पाय मागे घेता येणार नाही. मग तिला.

११ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी दहा

सांगितले. बोटवाल्यासमोर, व्यवस्थापकासमोर. चौदा नंबरचा बिल्ला मी टांगला. ती बोटीत आहे की नाही हे न पाहता. पाण्याकडे पाहायची भीती वाटते, म्हणून. विहिरीचेही सांगितले. अधिकाऱ्याला दोनदा विचारावे लागले. सही केली. बोटवाला खाली बसला आणि तोंडावरून हात फिरवत राहिला. त्याचा परवाना राहील.

बेचाळिसावा मीच निघालो.

आता खोलीकडे जातो. दोनशे पावले असतील. मोजणार नाही.

त्याच दिवशी, साडेअकरा

ती बॅग भरत होती. सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी शिडीपासून वीस हातांवर होते. हाका मारत होते, वाऱ्यात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. फळ्यावर पांढरी बाही दिसली, दोन बिल्ले टांगताना. तुम्ही सांगता का ते पाहून आजची परतीची बोट एकटीनं धरायची की दोघांनी, एवढंच ठरवायचं होतं मला."

मग कपाट उघडून तिने माझा शर्ट काढला, घडी केली आणि स्वतःच्या बॅगेत ठेवला.