शेंदरी पट्ट्याची स्कीम

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार. सकाळी सात.

आजपासून पाचला उठायचं ठरवलं होतं. सातला उठलो. पहिल्या दिवसाच्या मानानं ठीकच. आजपासून रोजनिशीही.

संध्याकाळी सात.

ऑफिसात आज आपलं नशीब उघडलं. आमचं ऑफिस म्हणजे बेचाळीस खोल्या, तीन कंट्राटदारांनी तीन वेळा जोडलेल्या. कन्हान-सावनेरच्या कोळशाच्या खाणींतले मजूर कागद घेऊन येतात आणि कुठं जायचं ते दारावरच्या कवडू चपराशाले विचारतात. साहेबलोकही त्यालेच विचारतात. हा कवडू ३० तारखेला रिटायर होऊन राहिला. मग पुढे काय, असं मॅनेजर बापूजींनी मीटिंगमध्ये विचारलं. मार्तंड म्हणाला, कवडूले अजून एक वर्ष ठेवा. मार्तंडाची झेप तेवढीच. मी उभा राहून म्हणालो, कोणाला काही विचारायची गरजच पडणार नाही अशी सिस्टीम करून देतो. दारात एक मुख्य फलक. तिथून निघालेले जमिनीवरचे रंगीत पट्टे, सात सेक्शन, सात रंग. ज्यानं त्यानं आपला रंग धरायचा आणि चालायचं. सगळ्या दारांवर एकसारख्या पाट्या. बापूजी म्हणाले, करा. २ डिसेंबरला कलकत्त्याहून डायरेक्टरसाहेब येणार, त्याच्या आत.

सेक्शन हेडची खुर्ची दोन महिने रिकामी आहे. लायनीत मी आणि मार्तंड. घरी बायकोला, वच्छलेला, सांगून टाकलं की झाल्यात जमा आहे. तिनं लेखी ऑर्डर आली का, असं विचारलं. बायकांना ऑफिसचं काही कळत नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार.

सर्व्हे सुरू. स्टोअर्स सापडेना म्हणून कवडूला विचारलं. (विचारलं नाही, व्हेरिफाय केलं.) त्यानं सांगितलं, बाबूजी, जिथं भिंतीले पानाचे लाल डाग आहेत तिथून डावीकडे वळा, मग जिथं पंखा कुरकुरते तिथं. ही काय पद्धत झाली? डाग लगेच पुसायला लावले. झाडूवाली जिजाबाई कुरकुरली.

दुपारी तीन जण हरवले. एक बापूजींच्या बाथरूममध्ये सापडला.

११ नोव्हेंबर, शनिवार.

रंगांबद्दल सर्व सेक्शनांची मतं मागवली. चूक केली असं नाही, पण मागवली. पाच जणांना हिरवा हवा. लीगलवाल्यांना काळा नको, अपशकुन म्हणे. डिस्पॅचवाले म्हणाले, कोणताही द्या, पण आमचा पट्टा स्टोअर्सच्या पट्ट्यापेक्षा रुंद पाहिजे. हे स्टोअर्सला कळलं. आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.

सोमवारपासून पाचला उठणार.

१३ नोव्हेंबर, सोमवार.

साडेसहा. प्रगती आहे.

वच्छलेनं नंदनवनात राहणाऱ्या तिच्या भावाला, म्हणजे माझ्या साळ्याला, सांगून टाकलं. शालिकरामजी स्वतः स्कूटरवर येऊन अभिनंदन करून गेले. अजून व्हायचंय, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. पण त्यांनी संत्र्यांची टोपली आणली होती, बरं दिसलं नसतं. ३ डिसेंबरच्या रविवारी त्यांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. २ ला डायरेक्टर, ३ ला जेवण. हिशेब बरोब्बर बसतो.

१५ नोव्हेंबर, बुधवार.

स्टोअर्समध्ये एकच रंग निघाला, शेंदरी. खाणीच्या फाटकांसाठी आणलेला ऑइलपेंट, बारा डबे. स्टोअर्सवाल्यांनी मुद्दाम केलं की काय, देव जाणे. पण विचार केला तर हेच चांगलं. सात रंग म्हणजे सर्कस. एकच रंग म्हणजे शिस्त. आता पट्टा संपतो तिथं एक मोठा गोल, आणि गोलात सेक्शनच्या नंबराइतके पांढरे ठिपके. अडाण्यालाही कळेल.

१८ नोव्हेंबर, शनिवार.

गिरिधर पेंटर कामाला लागला. एरवी देवळं रंगवतो, हात एकदम साफ. सुरुवात सेक्शन नंबर दोनपासून, कारण खाणीतले लोक कागद तिथंच देतात. पट्टा दारापासून थेट व्हरांड्याच्या टोकापर्यंत. टोकाला कोपऱ्यात एक गुडघाभर उंच दगड पुरलेला आहे. कोणी, कशाला पुरला, रेकॉर्ड नाही. गोल काढायला भिंत ओलसर होती, म्हणून गिरिधरनं दगडच पूर्ण शेंदरी केला आणि वर दोन पांढरे ठिपके काढले. लांबून उठून दिसतो. मी फार खूश.

कवडू बराच वेळ पाहत उभा होता. म्हणाला, बाबूजी, हे काहून केलं? मी त्याला ठिपक्यांची सिस्टीम समजावून सांगितली. त्यानं फक्त मान हलवली. जुनी माणसं, नवं पटत नाही.

बाकीचे सहा पट्टे दुसऱ्या टप्प्यात.

२१ नोव्हेंबर, मंगळवार.

मुख्य फलक लागला. सहा फूट बाय चार. एस्टॅब्लिशमेंट न लिहिता ‘आस्थापना’ लिहिलं, डिस्पॅचला ‘प्रेषण’. लोक फलकासमोर खूप वेळ उभे राहतात. म्हणजे वाचतात.

एक चांगली गोष्ट घडून राहिली. लोक पट्ट्यावर पाय देत नाहीत, कडेकडेनं चालतात. काही जण तर दारातच चपला काढतात. ऑफिसबद्दल एवढा आदर याआधी कधी पाहिला नव्हता.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.

दगडावर कोणी झेंडूची दोन फुलं ठेवली. स्कीमचं स्वागत, दुसरं काय.

२५ नोव्हेंबर, शनिवार.

आकडे स्वतः मोजले. पूर्वी सेक्शन दोनला रोज अकरा-बारा माणसं यायची. आज त्रेसष्ट. बायकाही. बापूजींना रिपोर्ट दिला, ‘सिस्टीममुळे लोकसंपर्कात पाचपट वाढ’. त्यांनी सही केली, चष्मा न लावता.

कवडू बाजूला घेऊन म्हणाला, बाबूजी, लोक कागद घेऊन नाही, नारळ घेऊन येऊन राहिले. मी म्हटलं, तुझी गरज संपली म्हणून तुले वाईट वाटून राहिलं, मले समजते. तो परत दारावर जाऊन उभा राहिला. मला नंतर थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

चपलांचा ढीग दारात अडचण करत होता. डब्यांच्या पत्र्याचे बिल्ले कापून नंबर घातले. चपलेला एक, माणसाला एक. ही सिस्टीम पहिल्या तासातच चालू झाली. किरकोळ काम, पण नोंदवलं.

३० नोव्हेंबर, गुरुवार.

कवडूचा निरोप. हार, शाल, भाषणं. मीही बोललो, नव्या युगावर. मार्तंड रडला. जाताना कवडू दगडापुढे हात जोडून गेला. आता तोही!

१ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी.

पाचला उठलो. झोपच लागली नव्हती.

संध्याकाळी.

आज दिवसभर कोणाला काही सापडलं नाही. टायपिस्ट कॅन्टीनला गेली ती तासानं आली. सावनेरचे दोघं भाऊ बापाच्या कामाचे कागद घेऊन आले, पट्ट्यानं बरोबर चालत गेले, दगडाला नारळ फोडला, समाधानानं घरी परत गेले. कागद हातातच. मी मागून ओरडलो, पण ते प्रसाद देऊन निघून गेले होते. खोबरं चांगलं होतं.

मग मात्र तारीख पाहिली. उद्या डायरेक्टर. परवा शालिकरामजी जेवायला. सगळे गेल्यावर फलकाच्या कामातून उरलेला काळ्या रंगाचा डबा घेऊन दगडाकडे गेलो. दोन ठिपके बुजवले की झालं. जिजाबाई आडवी उभी राहिली. बाबूजी, हात नका लावू गा, पोरीचं लग्न जमलं माह्या, आठ दिवसांत. मी म्हटलं, अवं, मीच रंगवून घेतला आहे तो. ती म्हणाली, तुमच्या हातून व्हायचं होतं.

ब्रश वर केला. हात पुढे जाईना. ते दोन ठिपके माझ्याकडेच पाहत होते. शेवटी डबा खाली ठेवला आणि हात जोडले. सवयीनं. सेक्शन हेडचं तेवढं मागून घेतलं, आलोच होतो तर.

२ डिसेंबर, शनिवार.

डायरेक्टरसाहेब साडेदहाला आले. मुख्य फलकासमोर उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि पट्ट्याकडे नजर गेली. चपलांचा ढीग पाहून बूट काढले. मीच बिल्ला दिला. मोज्यांवर चालत टोकापर्यंत गेले, डोळे मिटून नमस्कार केला, आणि बापूजींना विचारलं, स्थान किती जुनं? बापूजी म्हणाले, फार जुनं. बापूजी खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिले.

मग साहेबांनी मीटिंगची खोली विचारली. बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फलकाकडे. फलकावर ती खोली नव्हती, ती दुसऱ्या टप्प्यात होती. आम्ही सगळे साहेबांना घेऊन निघालो आणि स्टोअर्समध्ये पोचलो, तिथून जिन्याखाली, तिथून परत दगडापाशी. साहेबांनी दुसऱ्यांदा नमस्कार केला. शेवटी मार्तंड स्कूटर घेऊन कवडूच्या घरी गेला. कवडू धोतरात आला, आंघोळ झालेली होती, नाश्ता राहिला होता. दोन मिनिटांत सगळे खुर्च्यांवर.

साहेब जायच्या आधी तीन ऑर्डर निघाल्या. कवडूला एक वर्ष मुदतवाढ. ती सूचना मुळात कोणाची, ते विचारून मार्तंडाला सेक्शन हेडची खुर्ची. आणि स्थानाची व पादत्राणांची व्यवस्था उत्तम असल्यानं ती पुढील आदेशापर्यंत माझ्याकडे. मार्तंडानं माझा हात धरला, म्हणाला, वाईट नको वाटून घेऊ गा. मला फार वाईट वाटलं.

३ डिसेंबर, रविवार.

जेवण झालं. वांग्याची भाजी, वडाभात, श्रीखंड. शालिकरामजींनी विचारलं, नवीन चार्ज कसा काय? मी म्हटलं, स्वतंत्र आहे, हाताखाली कोणी नाही, वर कोणी नाही. ते प्रभावित झाले. वच्छला माझ्याकडे पाहत होती. तिला आज सांगणारच होतो, पण ती भांडी आवरत होती. उद्या नक्की.

शालिकरामजींच्या पत्नी गोपिका वहिनी जाता जाता म्हणाल्या, तुमच्या ऑफिसात जागृत स्थान आहे म्हणतात, आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, गर्दी फार असते, सध्या येऊ नका.

४ डिसेंबर, सोमवार.

पाचला उठलो. आता उपयोग नाही.

दारात स्टूल टाकून बसलो. समोर माझा फलक, शेजारी चपला. साडेअकराला वच्छला आणि गोपिका वहिनी आल्या, हातात नारळ. वहिनींनी वाकून चपला काढल्या, पुढे केल्या आणि मान वर केली. मी चौदा नंबरचा बिल्ला दिला. वच्छलेला पंधरा. तिनं तो घेतला, आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

वहिनींनी हळूच विचारलं, सेक्शन हेडची खोली कुठं आहे.

मी म्हटलं, कवडूले विचारा.