ज्योत बारा सेंटीमीटरवर

१७ ऑक्टोबर १९७६, रविवार

माफ कर, वही. अकरा दिवस तुला हात लावला नाही. खजूर उतरवायचे दिवस, त्यात माझा गुडघा. पण खरं कारण ते नाही. लिहायला बसलो की दिवस मोजावे लागतील, याची भीती. आज मोजलेच — यमनाच्या बाळंतपणाला चार आठवडे उरले.

एकुलती एक लेक सात किलोमीटरवर, सरहद्दीपलीकडे बेनी उनीफला. इथे फिगिगच्या कड्यावर उभं राहिलं की खिंडीतून तिथल्या रेल्वे स्टेशनची पाण्याची टाकी दिसते. पण मार्चपासून दोन्ही देशांमधली सरहद्द बंद. पत्र जातं ते आधी तिसऱ्याच देशात, ल्योंला, माझ्या बायकोच्या, हद्दाच्या भावाकडे, आणि तिथून परत खाली. एका खेपेला महिना.

आज जावयाचं उत्तर आलं. लखदर रेल्वेत दिवेवाला आहे. "मामा, तुमची युक्ती कबूल. एक तारखेपासून सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की मी टाकीवर चढेन. पण सरकारी दिवा उगाच हलवत बसता येत नाही, आधी तुमचा उजेड दिसू दे. बाळ आलं नसेल तर दिवा स्थिर धरीन. मुलगी झाली तर एकदा झाकून दाखवीन, मुलगा झाला तर दोनदा."

एकदा-दोनदा हे माझं डोकं. ते पत्र लिहिताना हद्दा म्हणाली होती, "आणखी काही विचारा की." मी म्हणालो, "दिव्याला एवढं बोलता येत नाही, बाई."

१९ ऑक्टोबर

साधा कंदील सात किलोमीटर जाणार नाही. मागे तांब्याची परात लावली की जाईल. चाळीस वर्षं तांबं ठोकतोय, त्यात काय मोठंसं.

२२ ऑक्टोबर

परात झाली. घासून आरशासारखी केली. भिंतीवर उजेड पाडून पाहिला — मध्ये एक डाग आणि भोवती सगळा पसारा.

झरूकी मास्तर गळक्या किटलीला डाग देऊन घ्यायला आले होते. शाळेत गणित शिकवतात, वजदा शहराकडचे आहेत, वय माझ्या निम्मं. परातीत बोट फिरवून म्हणाले, "उस्ताद, हा चेंडूचा काप आहे. कुसकुस शिजवायच्या हंडीचं बूड."

"चाळीस वर्षं तेच बूड ठोकतोय मी."

"तीच तर अडचण. तुमचा हात फार शहाणा झालाय."

राग आला. किटलीचे पैसे मात्र घेतले नाहीत. कामाचा माणूस आहे.

२४ ऑक्टोबर, रविवार

मास्तर सुट्टीचे आले. जस्ताच्या पत्र्यावर खडूने एक ठिपका काढला आणि त्याच्याखाली एक आडवी रेघ. म्हणाले, आता अशा जागा शोधा, की ठिपक्यापासून जेवढं लांब तेवढंच रेघेपासून लांब. एक सापडली. मग दुसरी. मग मीच दोरी आणि काटकोनाचा गुण्या घेऊन बसलो. तासाभरात तीस ठिपके झाले. जोडले तर एक वाक निघाला — हंडीचा नाही, दुसराच. तळाशी ओंजळीसारखा, पण कडेला आत न वळता उघडत गेलेला.

याला अन्वस्त म्हणतात. ठिपका म्हणजे नाभी. रेघ म्हणजे नियता. नाभीत ज्योत ठेवली की परातीवर आपटलेला सगळा उजेड एका दिशेला सरळ निघतो.

मी विचारलं, "रेघ तर परातीच्या मागे राहिली. तिथे काहीच नाही. नसलेल्या रेघेपासून मोजायचं?"

"उस्ताद, सरहद्द तरी कुठे दिसते? तिच्यापासून मोजतोच ना आपण सगळं."

हद्दा चहा ठेवत होती, ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या रेघेवर शिपाई नाही ना, मग चांगली आहे."

२५ ऑक्टोबर

हिशोब उतरवून ठेवतो, नाहीतर विसरेन. परात अठ्ठेचाळीस सेंटीमीटर रुंद, बारा खोल. मध्यापासून काठ चोवीस. चोवीसचा वर्ग पाचशे शहात्तर. चार गुणिले नाभीचं अंतर गुणिले खोली — तेही तेवढंच यायला हवं. चार बारे अठ्ठेचाळीस. पाचशे शहात्तर भागिले अठ्ठेचाळीस, बारा!

म्हणजे नाभी तळापासून बारा पुढे, नेमकी काठाच्या पातळीत. नियता तळाच्या बारा मागे. मास्तरांनी समीकरण माझ्या हाताने लिहून घेतलं: x² = ४८y. मदरशानंतर दोनच इयत्ता शिकलो मी. दुकानाच्या भिंतीवर पुन्हा लिहिलं.

२९ ऑक्टोबर

वाकाचा साचा कापला, त्यावर लावून लावून परात पुन्हा ठोकली. हात सारखा हंडीकडे पळतो, त्याला ओढून आणावं लागतं. आज पडताळा घेतला. मध्यापासून बारावर तळापासूनची उंची तीन यायला हवी. आली. तिथून नाभीपर्यंत दोरी लावली — पंधरा. नियतेपर्यंत पट्टी लावली — तीन आणि बारा, पंधरा. तीनदा मोजलं. पंधरा.

हद्दाला दाखवलं. ती म्हणाली, "मागच्या बाळंतपणात यमनाचं रक्त थांबत नव्हतं. पाच दिवस मी उशाशी होते. या खेपेला कोण आहे तिथे?"

मी म्हणालो, उजेड पोचू दे, सगळं कळेल.

१ नोव्हेंबर, सोमवार

फसलं. कड्यावरून उजेड सगळा खाली, खजुरांत पडला. झाडावर चढलेला माणूस ओरडला, "कोण रे तो?" हद्दा म्हणाली, "उनीफला नाही पण शेजाऱ्यांना कळलं."

मी गाढव! दिव्याची तेलाची टाकी मधल्या रेषेत धरली होती. ज्योत तिच्या चार बोटं वर. ज्योत वर गेली की उजेड खाली जातो. नाभीत ज्योत हवी, दिवा नव्हे.

२ नोव्हेंबर

दिसला! खिंडीत एक पिवळा ठिपका, स्थिर. अजून नाही. हद्दा कड्यावरच खाली बसली.

४ नोव्हेंबर

चौकीवरचा शिपाई वर चढून आला. "काका, हा काय प्रकार आहे?" मी खरं ते सांगितलं. परात पाहिली, माझी वही पाहिली, समीकरणावर बोट ठेवून म्हणाला, "ही गुप्त भाषा?" मास्तरांनी त्याला तिथेच नाभी आणि नियता समजावली. तो कंटाळला. जाताना म्हणाला, "माझी बहीण पण तिकडेच दिलीय. मगरिबनंतर मी रोज चहा पितो. चहा पिताना मला वरचं काही दिसत नाही."

५ नोव्हेंबर

स्थिर.

९ नोव्हेंबर

स्थिर. आता हात बसलाय. पहिल्याच झटक्यात उजेड खिंडीत जातो. मास्तर म्हणतात, शाळेतल्या पोरांना परात दाखवायला आणतो.

१४ नोव्हेंबर, रविवार

दोनदा. पुन्हा विचारलं, पुन्हा दोनदा. मुलगा!

मास्तरांनी मला मिठी मारली. मी म्हणालो, "बघ, हद्दा, बारा सेंटीमीटर." तोंडाशी हात नेऊन आनंदाची किलकारी घालायची असते आजीने. तिने माझी बाही ओढली.

"आणि यमना?"

मी खिंडीकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. एक म्हणजे मुलगी, दोन म्हणजे मुलगा. आईसाठी खूण ठरवलीच नव्हती. मी ठरवली नव्हती.

परात हलवून, झाकून, उघडून सात वेळा विचारलं. लखदर काय समजणार? दर वेळी दोनदाच दाखवतो.

१५ नोव्हेंबर

ल्योंला पत्र टाकलं. जायला महिना, उत्तर यायला महिना. उजेड आजही नीट पोचला. लखदर, ती बरी असेल तर तीनदा दाखव. हे तुला कसं कळणार, बाबा? तरी कळव. लवकर कळव.