रुमालाखालचा भाव

८ जून २०२५, माधवनगर

पोचलो बाई एकदाचे! साताऱ्याहून निघताना टेम्पोवाला छातीवर हात ठेवून म्हणाला होता, एक बरणी फुटणार नाही. फुटली ती नेमकी लिंबाच्या लोणच्याची. भर गल्लीत झाडला त्याला. आमचा नवरोबा सौमित्र म्हणाला, नव्या गावात पहिल्याच दिवशी तोंड सोडू नकोस. का? फुकटचं दिलंय होय देवाने तोंड?

घर मात्र झकास. खिडकीतून जुन्या गिरणीचं धुराडं दिसतं, मागे तुळशीपुरतं अंगण आहे. सौमित्रची बँक इथून गाडीवर दहा मिनिटं. भार्गवी रिकाम्या खोल्यांतून ओरडत पळत होती, आपलाच आवाज परत येतो म्हणून. पुढच्या सोमवारपासून पहिलीत जाईल ठमाकाकू.

दुपारी सामान लावून झाल्यावर फोनवर पोकरचे चार डाव टाकले. खोटे चिप्स, म्हणजे पैशांऐवजी नुसते आकडे, फुकटचा खेळ. माझे चार कोटी झालेत! टेबलावर माझं नाव 'भार्गवी'. इथे तरी काय, चौकापर्यंत गेलं तर 'आदित्य ट्रेडर्स', 'पिंकी सायकल मार्ट'. पोरांच्या नावावरच सगळं चालतं.

१५ जून

नोकरी मिळाली. मार्केट यार्डात नानासोंची हळदीची अडत आहे, तिथे हिशेब बघायचा. माणूस बढाईखोर, पण मनाने बरा. आज मला जुन्या पद्धतीचा सौदा करून दाखवला. आता लिलाव उघड होतो. पूर्वी दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि तोंडातून अवाक्षर न काढता एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका भाव. अख्खा पंजा धरला की सौदा पक्का. मी विचारलं, पण माल कुठला ते कसं कळायचं? म्हणाले, "आवं वैनी, ढिगावर चिठ्ठी असती की. जेचं नाव चिठ्ठीवर, तेचा माल."

घरी येऊन भार्गवीला तो खेळ शिकवला. पंच्याखाली तिची बोटं धरली की खिदळत सुटते. गुदगुल्या होतात म्हणे.

२९ जून

दीर वाईहून आला होता. जेवताना सौमित्र त्याला म्हणतो, वरद, तुझ्या वहिनीची चार कोटींची इस्टेट आहे बरं का, फक्त त्यात एक वडापाव येत नाही. दोघे खो खो हसले. भार्गवीसुद्धा हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाकऱ्या मी थापायच्या आणि वर हे ऐकून घ्यायचं.

ते झोपल्यावर माझ्या पगाराच्या उचलीतले पाच हजार खऱ्या पैशांच्या टेबलावर भरले. बघतेच आता.

खोट्या पैशात कुणी भीत नाही. दुर्री-तिर्रीवर सगळे चिप्स लावतात आणि हरले तरी हसतात. इथे सगळे चिडीचूप. बरी पानं आली तरी टाकून देतात. माझ्या तळहाताला घाम आला, आणि खोटं कशाला लिहू, आवडलं मला. एक 'दलाल' नावाचा गडी समोर होता. फोटो नाही, नुसता पिवळा चौकोन. त्याच्याकडून नऊशे जिंकले.

१३ जुलै

हरामखोर! दोन आठवडे मला जिंकवत ठेवलं आणि कालपासून एकेक करून काढून घेतोय. दर वेळी तोच दलाल. मी थाप मारली की त्याला कळतं. माझ्याकडे खरंच पानं असली की तो मुकाट्याने पानं टाकतो. जणू माझा हात हातात घेऊन बसलाय.

भार्गवीच्या नावाने दर महिन्याला पैसे साठवत होतो, ते खातं मोडलं. भरून काढीन. सौमित्रपुढे मान खाली घालणार नाही, मेले तरी नाही.

१० ऑगस्ट

सगळे गेले. एकसष्ट हजार.

आता फोन मांडीवर ठेवून वर पंचा टाकून खेळते, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. भार्गवी समोर बसून चित्रं काढते. म्हणाली, आई, तू नानासोंसारखी बसतेस. तिच्यावर खेकसले. पोरीचा काय दोष? माझ्याच थोबाडीत मारायला हवी.

२२ ऑगस्ट

सरकारने कायदा केला. पैशाचा खेळ बंद. सगळीकडे पुन्हा खोटे चिप्स. आधी झोपला होतात काय रे? घर धुऊन निघाल्यावर कुलूप लावताय!

सुटले, असंही वाटलं. शेवटचं बघावं म्हणून उघडलं, तर एक टेबल चालूच. समोर दलाल. रुपयांचं चिन्ह नाही. माझ्या नावापुढे फक्त पाच चिप्स. म्हटलं फुकटचेच आहेत, मेल्याला एकदा तरी हरवते. एक हरले.

आणि पंच्याखाली कुणीतरी माझी करंगळी धरली. कोरडी, खरखरीत बोटं, हळकुंडासारखी. पंचा भिरकावला. खाली नुसता फोन.

२३ ऑगस्ट

भार्गवीच्या उजव्या हाताची करंगळी पिवळी झालीय. साबण लावला, लिंबू चोळलं, काथ्याने घासलं. जात नाही. गणपतीची आरास करताना त्याच बोटात टाचणी घुसली, तरी पोरगी गातच होती. तिला कळलंच नाही.

सौमित्र म्हणतो, तुझ्याच दुकानात हळदीत खेळली असेल. पण ती आठवडाभर तिकडे आलेलीच नाही. खेळ फोनवरून काढून टाकला.

२४ ऑगस्ट

दुसरं बोट.

खेळ परत घेतला. तीन चिप्स. या खेळात उठून गेलं तरी पाळी आली की चिप कापतातच. इतके महिने खेळते आणि हे मला आठवू नये!

भार्गवी एकटीच पंच्याखाली हात घालून बसली होती. हसत होती. म्हणाली, काका बोटं मोजतात. मी पंचा ओढला आणि तिला मारलं. मग तिला कुशीत घेऊन रडले. तिचा तो हात गार.

२५ ऑगस्ट

सौमित्रला सगळं सांगितलं. पैशांचंही. आधी हसला, मग वाटेल ते बोलला. ते ऐकून घेतलं, माझं चुकलंच. पण बोटांकडे बघ म्हणतेय तर बघेना! फोन घेऊन गेला, बँकेत कुलपात ठेवला. डॉक्टर म्हणाले, नसांची तपासणी गणपतीनंतर करू.

संध्याकाळी तिसरं बोट.

आता सौमित्रच तिचं बोट लिंबाने घासत बसलाय.

२६ ऑगस्ट

भांडून फोन परत आणवला. खेळले. हुकमी पानं होती, तीन एक्के. तरी हरले. चौथं बोटही गेलं, एकच चिप उरली. आता फक्त अंगठा.

पोरगी जेवत नाही. भूक म्हणजे काय, असं विचारते.

दुकानात धावत गेले. नानासोंना विचारलं, सौदा मोडायचा कसा? पंजा धरायच्या आत चिठ्ठी बदलली, तर? म्हणाले, "माल बदलंल की. पर दुसऱ्याचा ढीग वाचवायला तेच्या जागी आपला कोन ठेवंल, वैनी?"

चिठ्ठी. नाव. मीच लावलंय टेबलावर तिचं नाव. माझ्या या हातांनी.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

खेळात नाव बदलता येतं. एकदाच. किंमत चार कोटी खोटे चिप्स —

आहेत माझ्याकडे. हसा म्हणावं आता, दोघे भाऊ.

बाहेर आरती चालली आहे. भार्गवी माझ्यासमोर, अंगठ्याचं टोक पिवळं व्हायला लागलंय —

'भार्गवी' पुसलं. माझं नाव लिहिलं, 'वल्लरी'. उरलेली चिप लावली. उजवा हात पंच्याखाली घातला. ये रे भाडखाऊ. लेकरावर काय भाव लावतोस, माझ्यावर लाव —

धरला. अख्खा पंजा.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा आहे, पण माझा नाही. कोपरापर्यंत पिवळा —

तिची बोटं गुलाबी! पाचही. टाचणी टोचून बघितली, कळवळली, रडली. रड गं माझ्या राणी, रड.

आता आरडाओरडा, मोदक पाहिजे, आत्ताच पाहिजे, भूक लागली —

माझी डावी करंगळी. मग दुसरं. पेन निसटतंय —

आई चल ना म्हणते. हात पुढे केलाय. आई, हात दे. अगं कुठला दे