चार हजार एकशे बारा घरांचा फ्रिज

६ डिसेंबर
सेनगावच्या पुढे तांड्यावर दहा घरांचा सर्व्हे होता. गेलो. तांड्याच्या तोंडाशीच तीन कुत्री. परत फिरलो. याला भिणं म्हणत नाहीत, प्लॅनिंग म्हणतात.

दुपारी २
सेनगावात हॉटेलात बसून फॉर्म पूर्ण. तांड्यावरचे लोक ऊसतोडीला जातातच, म्हणून नऊ घरं 'कुलूपबंद' लिहिली. दहावं, यादीतल्या रुक्माबाईचं, मीच भरलं. उत्तरं माझ्या घरची दिली: फ्रिज आहे, स्कूटी आहे, नळ आहे. खोटं काही नाही, घर तेवढं दुसऱ्याचं.

१९ डिसेंबर
हिंगोलीला ट्रेनिंग. ऑफिसातल्या आकांक्षा मॅडमनी 'वेट' समजावलं. निवडलेली दहा घरं जिल्ह्यातल्या सगळ्या तांड्यांच्या वतीने बोलतात; त्यातली जी सापडली नाहीत, त्यांचा भार सापडलेल्या घरावर पडतो. स्क्रीनवर रुक्माबाईचा फॉर्म दिसला. वेट ४,११२. म्हणजे ती एकटी चार हजार एकशे बारा घरांच्या वतीने बोलते. म्हणजे मी बोलतो.
उद्या मॅडमना खरं सांगून टाकायचं.

२० डिसेंबर
मॅडम ऑफिसात होत्या. मी रजा टाकली.

२ जानेवारी
सर्व्हेच्या निकालाचं टेबल तयार झालं: तांड्यांवर घरोघरी फ्रिज. मॅडम चिडल्या नाहीत, चकित झाल्या. मला चिडलेल्या चालल्या असत्या. जेवण जात नाही. बायको, दिपा, म्हणाली, काहून असं करून राहिले? ॲसिडिटी म्हणालो.
नोकरी गेली तर काय, याचा विचार करायचा नाही. दिवसभर तोच केला.

८ जानेवारी
उद्या सुपरवायझर हिरासिंग सर फेरतपासणीला येणार. मला घेऊनच तांड्यावर जाणार. मी शांत आहे. पेन हातातून दोनदा पडलं, ते थंडीमुळे.

९ जानेवारी, संध्याकाळी ५
रुक्माबाईचं घर कोणतं, मलाच सांगता येईना. म्हातारी स्वतःच पुढे आली. सरांनी विचारलं, हा माणूस आला होता का? तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, व्हय, आला व्हता की. च्या बी पेला. मला रडूच आलं.
सर म्हणाले, मग आजी, फ्रिज दाखवा.
ती म्हणाली, ह्यानं लिवला असल तर ह्योच आणून देईल.
सरांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. म्हणाले, उद्यापासून येऊ नका.
रुक्माबाई जीपपर्यंत आली. कवा आणतूस, म्हणाली.
मी म्हणालो, सोमवारी.