राजसने समोर बसून करायची सही

मी, कनकाबाई नारायणस्वामी राव, वय वर्षे चौऱ्याहत्तर, रेल्वेच्या एग्मोर कचेरीतून निवृत्त झालेली कारकून, राहणार वेलचेरी, चेन्नई, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे याचा दाखला वरच्या मजल्यावरचे डॉ. रघुराम देतील. स्मरणशक्ती शाबूत आहे याचा दाखला माझी सून नित्या देईल, आणि तो देताना कपाळाला हात लावील. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. एकच माणूस करू शकला असता, तो कैलासवासी झाला, आणि हयातीत त्यालाही ते कधी जमलं नाही.

हे मी मुद्दाम मराठीत लिहीत आहे. तमिळमध्ये लिहिलं असतं तर नित्याने दिवेलागणीच्या आत आम्हा तंजावरच्या मराठी लोकांच्या अर्ध्या गोतावळ्याला फोन केले असते. मुलं मराठी बोलतात, तीही जेवणाखाणापुरती. वाचता कोणालाच येत नाही. घराण्यात ही लिपी वाचणारी दोनच माणसं उरली. एक मी, आणि दुसरी माझी धाकटी बहीण राजसबाई, मुक्काम एन्नोर. ती माझ्याशी बोलत नाही. तो विषय पुढे कलम पाचमध्ये येईल, तोवर धीर धरावा.

कलम १. राहता फ्लॅट मुलगा वेंकट आणि मुलगी रंजनी यांना समसमान. फ्लॅट पहिल्या मजल्यावर घेतला तेव्हा "अम्मा, तळमजला स्वस्त आहे" म्हणून वेंकटने महिनाभर तोंड फुगवलं होतं. पुराच्या साली तळमजल्याची माणसं आमच्याकडे येऊन झोपली, तेव्हापासून तो गप्प आहे. हे त्याने विसरू नये म्हणून इथे नमूद केलं.

कलम २. सोन्याच्या बांगड्या सुनेला, म्हणजे नित्याला. लेकीने वाईट वाटून घेऊ नये. मी बांगड्या दाखवल्या तेव्हा रंजनी म्हणाली, "डिझाइन फार जुनं नाही का?" आता तिला नव्या डिझाइनच्या घ्यायला बँकेतली ठेव देत आहे. दोघींनी आपसात अदलाबदल करायची नाही. मला वरून दिसेल.

कलम ३. माझा धंदा. निवृत्तीनंतर मी कोऱ्या टपालतिकिटांचा व्यापार केला, याची माझ्या मुलांना लाज वाटते आणि मला अभिमान. लोकांचे आजोबा जन्मभर तिकिटं जमवतात, "पुढे लाखांना जातील" म्हणतात, आणि जातात स्वतःच. नातवंडांना कपाट रिकामं करायचं असतं. मी ती तिकिटं दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात घेते आणि ज्यांना टपाल धाडायचंय त्यांना थोडी सूट देऊन विकते. लग्नघरं, देवळातून भक्तांना कुंकू-प्रसाद पाठवणारे, सोसायट्यांचे चिटणीस, सगळे माझे गिऱ्हाईक. कोरं तिकीट कितीही जुनं असलं तरी चालतं, हे लोकांना ठाऊकच नसतं. माझी पाकिटं ओळखू येतात. लहान लहान तिकिटं इतकी लावलेली असतात की पत्त्याला जागा शोधावी लागते.

सगळा साठा, चिमटे, भिंग आणि बटर पेपरची भेंडोळी नित्याला. तिकिटांच्या दोन थरांमध्ये बटर पेपर घालणे. आपल्याकडच्या दमट हवेत डिंक सुटतो आणि तिकिटं एकमेकांना धरून बसतात, मग पाण्यात सोडवावी लागतात. सगळी विकली तरी चालतील. फक्त हळदीच्या जुन्या डबीत खंड्याची तिकिटं आहेत, आपण मीनकोत्ती म्हणतो तो पक्षी. ती विकायची नाहीत. कोणाची घेतलेली तिकिटं चाळताना खंड्या दिसला की मी तो बाजूला काढत आले. त्या डबीचं माझं मी बघेन.

कलम ४. वेंकटचे पॉइंट्स. माझा धंदा बघून या आयटीवाल्याला सुचलं की नवीन तिकिटं क्रेडिट कार्डावर घ्यायची, कार्डावर बक्षिसाचे पॉइंट्स जमवायचे आणि तिकिटं अम्माने विकायची. "फुकटात सिंगापूर, अम्मा!" मी वर्षभर तिकिटं खपवली. शेवटी पॉइंट्सवर पाण्याची एक बाटली आली, तिचं झाकण गळतं. ती बाटली मी वेंकटला परत देत आहे.

कलम ५. राजसबाई. तिचे यजमान राघोत्तम एन्नोरच्या वीजकेंद्रात होते. संध्याकाळी खाडीवर बसून तारेवरचा खंड्या बघायचे आणि रात्री तिकिटं लावायचे. भला माणूस. ते गेल्यावर राजस स्वतः म्हणाली, "अक्का, वाळवी लागेल, घेऊन जा." मी रोख पैसे देऊन घेतली. माझा धंदा काय आहे हे तिला माहीत होतं. मी ती देव्हाऱ्यात पुजणार नव्हते.

पुढच्याच मुहूर्तावर रंजनीचं लग्न ठरलं. पत्रिकांना राघोत्तमांची तिकिटं लावली. राजसच्या पाकिटाला मी मुद्दाम खंड्या लावला. म्हटलं, त्यांचा पक्षी त्यांच्या घरी जाईल, हा तिचा मान. पाकीट पोचलं ते खंड्याच्या चोचीवर काळा शिक्का घेऊन. फोन आला, "अक्का, तू त्यांच्या तोंडाला काळं फासलंस." लग्नात मावशीची खुर्ची रिकामी राहिली. पुराच्या वेळी तिने वेंकटला फोन करून सांगितलं, "तिला पोहता येत नाही, तिला टेबलावर बसवा," आणि मी फोन मागितला तेव्हा ठेवून दिला.

चूक माझी नव्हती. तिकीट म्हटलं की शिक्का बसायचाच. हे कायदेशीर कागदावर लिहून ठेवते.

कलम ६. वकीलबाई नीलम सांगतात, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यांनी मला सही करताना बघायचं आणि माझ्यासमोर बसून आपली सही करायची. फोनवर चालणार नाही, टपालाने चालणार नाही. मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली. पहिले साक्षीदार डॉ. रघुराम. त्यांना यातलं अक्षर कळत नाही, पण ते माझं औषधही न वाचताच लिहितात. दुसरी साक्षीदार राजसबाई. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये म्हणे, तेव्हा राजस, तुला यात काही नाही. तुझी उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी माझ्यापेक्षा बरी होते, एवढी कबुली घे.

तू आली नाहीस तर हा कागद एका साक्षीवर लंगडा पडेल, मुलं पातेल्यांवरून भांडतील आणि पाप तुझ्या माथी. थट्टा पुरे. मी गेल्यावर तू येशील, सगळ्यांच्या आधी येशील, हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा येऊन मला काय उपयोग? मला तू डोळ्यांना दिसायला हवी आहेस. हा मसुदा वेंकटच्या हाती पाठवते.

सही: कनकाबाई नारायणस्वामी राव

साक्षीदार १: डॉ. रघुराम (सही तमिळमध्ये)

साक्षीदार २: मी, राजसबाई राघोत्तम राव, राहणार एन्नोर. वरील सर्व मजकूर वाचला आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. नित्या बांगड्यांपाशी रडली. "चूक माझी नव्हती" हे वाक्य खोटं आहे, बाकी खरं.

मसुदा ज्या पाकिटातून आला त्यावर खंड्याचं तिकीट लावलेलं होतं. हाती धाडलेल्या पाकिटाला तिकीट लागत नाही, हे अक्काला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जन्मात एक तिकीट वाया घालवलं नाही तिने. चोच स्वच्छ होती. म्हणून आले.

अक्काने माझ्यासमोर सही केली, मी तिच्यासमोर केली. हळदीची डबी माझ्या पिशवीत आहे. रविवारपर्यंत इथेच राहणार आहे.

सही: राजसबाई

स्थळ: वेलचेरी, चेन्नई
दिनांक: ९ जानेवारी २०२५