तिसरा खांब

मंगळवार, १२ नोव्हेंबर. अमरावती.

आजही रेल्वे पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी सायकलवरून उतरलो. रोज तिथंच दम संपतो. संत्र्याच्या गोदामावर कामाला लागून महिना झाला, पण पूल एकदाही पूर्ण चढलो नाही. अन् आजच मागून स्वाती आली, क्लासला जाताना, स्कुटीवर.

"बस सीटवर. मी मागून पाय लावून ढकलते तुले."

"मले गरज नाही कोणाची!" मी एवढा ओरडलो की चार जणांनी वळून पाहिलं.

ती चिडली नाही. "कॉलेज सोडलं तवाबी हेच म्हणत होता," म्हणाली आणि निघून गेली.

काहून ओरडलो मी? दोन वर्षं जिच्यासाठी झुरून राहिलो, ती स्वतःहून थांबली, अन् मी... दिवसभर पेट्या भरताना तो खांबच डोळ्यांपुढं. खोटं कशाला लिहू, ती खरंच बोलली. परीक्षेच्या वेळी नोट्स घेऊन आली होती, तेव्हाही तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

आत्ता सीट दोन बोटं वर घेतली, चेनला तेल दिलं, हवा भरली. उद्या दहा मिनिटं आधी निघालो तर ती दिसणारही नाही. पण नाही. तिच्याच वेळेला निघेन. पुलाखाली थांबून आधी माफी मागीन. मग जोर लावीन, आणि तिसऱ्या खांबापाशी दम संपलाच, तरी उतरणार नाही. तिला म्हणेन, लाव पाय.